साहेबांचं होल्स्टर

साहेबलोकांचे बूट मी चमकवले, त्यांच्या सायकली पुसल्या, त्यांच्या बायकांना सामानासकट एस.टी.त बसवून दिलं. एकोणीस वर्षांच्या नोकरीत हे सगळं केलं आणि कधी तोंड उघडलं नाही. पण दुसऱ्याच्या कमरेचं चामडं आपल्या कमरेला बांधून ते मऊ करून द्यायचं, असलं काम बहात्तर सालापर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं.

ठाण्याचं नाव सांगत नाही. तिसगावच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला होतं, एवढं पुरे. फौजदारसाहेबांचंही नाव घेत नाही. ते पुढं मोठ्या हुद्द्यावर गेले, आणि आता ह्या वयात मला कुणाशी कोर्टकचेरी करायची नाही. तेव्हा ते नाशिकहून ट्रेनिंग संपवून नुकते आले होते. पंचविशीचं वय, उंच अंग, लांबसडक बोटं. सरकारी कापडी होल्स्टर त्यांना आवडेना. "पोस्टमनच्या पिशवीसारखं दिसतं हे," म्हणाले आणि पुण्याच्या कॅम्पातून स्वतःच्या हौसेनं नवं कोरं चामड्याचं घेऊन आले.

होतं देखणं, खोटं कशाला बोलू. तांबूस, जाड, कडेनं दुहेरी शिवण, रिव्हॉल्व्हरच्या मुठीवरून येणारी पट्टी आणि त्या पट्टीला पितळी टिचबटण. फक्त त्यात रिव्हॉल्व्हर जाईना, आणि गेलं की निघेना. पहिल्या दिवशी साहेबांनी ते कमरेला लावून जोरात ओढलं, तर कमरेचा पट्टाच बरगड्यांपर्यंत वर आला. हत्यारांच्या खोलीची किल्ली सांभाळणारा छगन जमादार खोकला आल्याचं निमित्त करून बाहेर पळाला. मी दाराशी उभा होतो. मला पळता आलं नाही.

"कानिफनाथ, हे पंधरा दिवसांत मऊ करून दे," साहेब म्हणाले. "रोज कमरेला लाव. छगन तुला रिकामं रिव्हॉल्व्हर देईल. तीनशे वेळा काढायचं, तीनशे वेळा घालायचं. मोजून."

"मी, साहेब?"

"मग काय मी करत बसू?"

तळपायाची आग मस्तकात गेली. एकोणीस वर्षांत सरकारनं माझ्या हातात काठी दिली, बंदोबस्ताला कधीमधी जुनी रायफल दिली. रिव्हॉल्व्हरला हात लावायची माझी पायरी नव्हती. आता हात लावायचा तो दुसऱ्याचा हात सुखात राहावा म्हणून! पण हवालदाराच्या फितीसाठी माझं नाव तिसऱ्यांदा वर गेलं होतं. दोनदा माझ्या मागून आलेली पोरं पुढं गेली होती. साहेबांनी चार ओळींचा शेरा लिहिला तर माझं काम होणार होतं, आणि नाही लिहिला तर मी काठीसकट रिटायर होणार होतो. मी "जी साहेब" म्हणालो. अजूनही कधीकधी एकटा असताना ते दोन शब्द मला आठवतात आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

रोज सकाळी दहा वाजता ठाण्यामागच्या लिंबाखाली माझा तमाशा सुरू व्हायचा. छगन जमादार रिव्हॉल्व्हर उघडून रिकामं असल्याचं दाखवायचा, मला द्यायचा आणि समोर बाकावर तंबाखू मळत बसायचा. पहिल्या दिवशी चाळीस वेळा काढलं तोवर अंगठ्याचं कातडं सोललं. कमरेच्या हाडावर लाल वण उठला. तक्रार घेऊन आलेली माणसं भिंतीवरून डोकवायची.

"आरं, ह्याला तेल पाज की," छगन म्हणाला. "नव्या वहानंला आपन काय करतो? रातभर करडईच्या तेलात बुडवून ठिव. सकाळी बघ कसं हुतंय."

आमच्याकडं चामड्याचं सगळं शहाणपण वहाणेपासून सुरू होतं आणि वहाणेपाशीच संपतं. मीही तेल पाजणारच होतो. पण दुसऱ्या दिवशी टपाल घेऊन नगरला जायचं होतं, म्हणून भिंगारला जैनुद्दीनभाईकडं गेलो. म्हाताऱ्यानं उभा जन्म लष्कराच्या घोड्यांची खोगिरं शिवली होती. घोडे गेले, रणगाडे आले, तेव्हापासून तो पट्टे आणि पाकिटं शिवायचा. त्यानं होल्स्टर नाकाशी नेलं, वास घेतला, वाकवून पाहिलं.

"तेल?" तो म्हणाला. "तेल पाजलं का हे मेलं. मंग त्यात बाजारातली वांगी आणा तुमी. आतून वल्लं फडकं फिरवा. हत्यार मेनकापडात गुंडाळून आत दाबा आन् ह्या हाडानं वरनं घोटा. सावलीत वाळू द्या. पन वाळताना ज्याचं हाय त्याच्याच कमरंला पायजे. त्याच्या कमरंला बसंल, त्याच्या हाताला येईल. दुसऱ्याला ते नडनार."

त्यानं बोटभर लांबीचं एक गुळगुळीत हाड मला दिलं आणि घोटायचं कसं ते दाखवलं. मी परत येऊन साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी नाक मुरडलं.

"ओलं चामडं मी युनिफॉर्मवर लावू? डाग पडेल. तूच लाव."

म्हणजे डाग माझ्या युनिफॉर्मला पडला तरी चालेल. मी लावलं. चार दिवस ते माझ्या कमरेवर ओलं झालं आणि माझ्या कमरेवर वाळलं. मी बुटका, हाडानं रुंद. होल्स्टर माझ्या कोपराच्या उंचीला, जरा पुढं कलून बसलं. रिव्हॉल्व्हरचा आकार चामड्यावर उमटला, घोडा कुठं आणि चाक कुठं ते बाहेरून कळायला लागलं. मग रोजची तीनशे. अंगठा पट्टीच्या आतून घालून टिचबटण उडवायचं, मूठ धरायची, सरळ वर ओढायचं, हात छातीसमोर लांब करायचा. लिंबाच्या बुंध्यावर एक गाठ होती, तिच्यावर नळी रोखायची. परत आत. आठव्या दिवशी मोजणं सोडून दिलं तरी हात थांबेना. घरी जेवायला बसलो आणि पाण्याचा तांब्या उजवीकडं असला, तर हात आधी कमरेला जायचा आणि मग तांब्याकडं. माझी बायको छबूबाई पदरात तोंड खुपसून हसायची. मला हसू येत नव्हतं. मला साहेबांची लांबसडक बोटं एकेक करून पिरगाळावीशी वाटायची.

अकराव्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं.

"सोमवारी प्रांतसाहेब पाझर तलावाचं काम बघायला येतायत. तिथल्या बायका जीप अडवणार अशी खबर आहे. कुणी गोजरबाई आहे, ती फूस लावते सगळ्यांना. होल्स्टर तयार पाहिजे. मी नुसतं काढून दाखवलं तरी पांगतील."

गोजरबाई माझी थोरली बहीण. मी अडीच वर्षांचा असताना आई गेली. गोजरआक्का तेव्हा अकरा वर्षांची होती. तिनं मला कडेवर घेऊन भाकरी थापल्या. पोलीस भरतीला मला घेऊन ती गावापासून नगरपर्यंत चालत आली होती, आणि माझी छाती मोजत होते तेव्हा कुंपणाबाहेर उभी राहून "फुगव, कानिफ्या, फुगव!" म्हणून ओरडली होती. दुष्काळात तिचं शेत करपलं, तशी ती तलावाच्या कामावर खडी फोडायला जात होती. हे सगळं मी साहेबांना सांगायला पाहिजे होतं. मी "जी साहेब" म्हणालो आणि बाहेर आलो. भित्रा! दुसरा शब्द नाही.

बाहेर लिंबाखाली बसलो आणि होल्स्टरकडं बघत राहिलो. तेव्हा जैनुद्दीनभाईचं बोलणं आठवलं आणि एकदम डोकं चालायला लागलं. हे चामडं माझं झालं होतं. साहेब हातभर उंच, त्यांच्या कमरेला ते वेगळं लोंबणार. त्यांच्या लांब अंगठ्याला पट्टीच्या आत जायची सवय नाही, ते बाहेरून उपटणार. मी पट्टीमागचं बकल एक भोक आवळलं. आता अंगठा नेमका आतून, नेमका तिरका घातला तरच टिचबटण उडायचं. घाईत बाहेरून ओढलं की पट्टी आणखी घट्ट व्हायची. शनिवारी साहेबांनी खोलीत उभं राहून सावकाश दोनदा काढून पाहिलं. पहिल्यांदा अडकलं, दुसऱ्यांदा निघालं.

"थोडं टाईट आहे. पण चालेल," ते म्हणाले.

मला पहिल्यांदाच त्या कामात आनंद झाला. सोमवारी ते रिव्हॉल्व्हर बाहेर येऊ नये, एवढंच मला हवं होतं. फीत गेली तरी चालेल, पण माझ्या आक्कासमोर ते येता कामा नये.

रविवारी मी सायकल मारत गावी गेलो. आक्का दारात बसून हाताच्या भेगांत मेण भरत होती.

"आक्का, उद्या रस्त्यात बसू नगंस," मी म्हणालो.

"का रं? टँकर तिसऱ्या दिशी येतोय. परवा भागूबाई उनात पडली, तिच्या तोंडात घालायला वंजळभर पानी न्हवतं. मुकादमाला सांगितलं, मामलेदाराला सांगितलं. आता जीपंतल्याला सांगनार. पानी पाठवा म्हनावं, आमाला काय रस्त्यात बसायची हौस हाय व्हय?"

"साहेबाकडं पिस्तूल हाय."

"असू दे की. आन् तू कुनाकडं हायेस?"

"तुज्याकडं."

"मंग झालं," ती म्हणाली आणि पुन्हा भेगांत मेण भरायला लागली.

मी तिला होल्स्टरची सगळी गोष्ट सांगितली. आवळलेल्या भोकासकट. ती इतकी हसली की डोळ्यांना पदर लावला. "लई द्वाड हायेस कानिफ्या," म्हणाली. "ते बाहेर येनार न्हाई, आक्का," मी म्हणालो, "माजा शबुद हाय." शेंगदाण्याची चटणी आणि अर्धी भाकरी तिनं मला बळंच खायला घातली. तिच्या घरात तेव्हा किती भाकरी होत्या ते मी विचारलं नाही.

सोमवारी अकराच्या सुमाराला आम्ही तलावावर पोचलो. पुढं आमची जीप, मागं प्रांतसाहेबांची. बांधाकडं जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर साठ-सत्तर बाया रिकामे हंडे पुढं मांडून बसल्या होत्या. अगदी मधोमध गोजरआक्का. कुणाच्या हातात दगड नव्हता. खडी फोडायच्या हातोड्यासुद्धा त्यांनी कामावर ठेवल्या होत्या, एवढं भान त्यांना होतं.

साहेब उतरले. मी त्यांच्या उजव्या हाताला, अर्धं पाऊल मागं उभा राहिलो.

"उठा! रस्ता सोडा!"

"पान्याचं बोला, मंग उठतो," आक्का म्हणाली.

"पाण्याचं बोलायला मी टँकरचा ड्रायव्हर आहे का?"

"मंग मागच्या साहेबाला उतरू द्या. त्यांच्याशी बोलतो."

मागचे साहेब काही उतरले नाहीत. काच वर करून बसले होते. सरळ होतं हो! माणूस खाली उतरला असता, "उद्यापासून टँकर रोज येईल" म्हणाला असता, तर बाया हंडे उचलून गेल्या असत्या. पण नाही. आमच्या साहेबांनी पुढं होऊन एका हंड्याला लाथ मारली. हंडा गडगडत गेला आणि एका म्हातारीच्या गुडघ्यावर आदळला. बाया एकदम उभ्या राहिल्या. गलका झाला. साहेब दोन पावलं मागं आले आणि त्यांचा हात कमरेला गेला.

पट्टी त्यांनी बाहेरून उपटली. ती उडाली नाही. दुसऱ्यांदा उपटली. मग दोन्ही हात लावले. पट्टा कमरेवर फिरून बेंबीपाशी आला, त्यांनी तो परत जागेवर ओढला. माझ्या पोटात गुदगुल्या व्हायला लागल्या. पुढच्या रांगेतली लंकाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "साहेब, पिसू चावली का काय?" आणि सगळ्या बाया हसल्या. गोजरआक्का माझ्याकडं बघून हसली. आयुष्यात माझ्याकडं कुणी कधी एवढ्या मायेनं बघितलं नसेल.

साहेबांचं तोंड लालबुंद झालं.

"कानिफनाथ!" ते ओरडले. "काढ!"

आता पुढचं मी शंभरदा आठवून बघितलं आहे. हुकूम होता म्हणून केलं असं म्हणायला मला आवडलं असतं. निदान एखाद्या बापड्या शिपायाला शोभेल असं ते उत्तर होतं. पण ते खरं नाही. हुकूम ऐकून, त्यावर विचार करून हो किंवा नाही म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गेलाच नाही. होल्स्टर माझ्या हाताशी होतं. अंगठा आतून तिरका गेला, टिचबटण उडालं, मूठ हातात आली, हात वर गेला आणि छातीसमोर लांब झाला. लोण्यातून सुरी काढावी तसं निघालं ते. गेले पंधरा दिवस माझ्या हातात ते रिकामंच असायचं. त्या दिवशी त्यात सहा गोळ्या होत्या.

लिंबाच्या गाठीच्या जागी गोजरआक्काचं कपाळ होतं.

हसणं थांबलं. कुठंतरी एक पोर रडायला लागलं आणि आईनं त्याचं तोंड दाबलं. माझा हात खाली येईना. हात खाली घे, असं मी स्वतःला सांगत होतो, आणि तो तसाच लांब, जराही न थरथरता. निदान थरथरायला तरी पाहिजे होता! साहेबांनीच पुढं होऊन माझ्या मुठीतून रिव्हॉल्व्हर सोडवून घेतलं.

आक्का ओरडली नाही, रडली नाही. तिनं खाली वाकून आपला हंडा उचलला.

"उठा गं समद्या," ती म्हणाली. बाया बाजूला झाल्या. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि मला म्हणाली, "जावा साहेब तुमी."

परत येताना जीपमध्ये साहेब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाब्बास. हात साफ आहे तुझा." त्यांनी शेरा लिहिला. प्रसंगावधान, शिस्त, हत्यार हाताळण्यातलं कौशल्य, असं काय काय. फीत मला दिवाळीआधीच मिळाली. छगन जमादारानं पेढे मागितले. मी त्याला आईवरून शिवी दिली. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

टँकरचं म्हणाल, तर तो पुढंही तिसऱ्याच दिवशी येत राहिला.

भाऊबीजेला मी गावी गेलो. छबूबाई म्हणाली, दोन दिवस थांबा, राग निवू द्या. मला थांबवेना. आक्कासाठी हिरवं लुगडं घेतलं होतं. कुणीतरी सोयरा आलेला असावा तसं तिनं जोत्याखालीच मला पाय धुवायला पाणी दिलं. पाट मांडला, रांगोळी काढली. सगळं रीतसर केलं. मला ओवाळलं, सुपारी उतरवली. लुगडं घेतलं, कपाळाला लावलं आणि घडी न मोडता बाजूला ठेवलं.

"कशाला तरास घेतलासा," म्हणाली.

मग तिनं चहा केला. कपबशीत दिला. तिच्या घरात कपबशी एकच होती, तलाठी किंवा ग्रामसेवक आले तर काढायची. मी त्या घरात जन्मभर पितळी पेल्यातून प्यालो होतो.

माझा तोल गेला. मी ओरडलो, भिंती हादरतील असा ओरडलो. "आक्का, शिव्या दे मला! पायतान काढ आन् हान तोंडावर! चुलीतलं लाकूड घे! पन असं नगं बोलूस. मी कानिफ्या हाय गं. तुज्या कडंवर वाढलोय. मी मुद्दाम न्हाई केलं. मी ते अडकून ठिवलं हुतं, तुला सांगितलं हुतं का न्हाई? माजा हातच गेला, आक्का! मला कळायच्या आत गेला!"

ती माझ्या उजव्या हाताकडं बघत होती. मी ओरडत होतो तेवढा वेळ तिनं डोळे तिथून हलवले नाहीत, आणि मी हात वर करून बोलायला लागलो तशी ती बसल्या जागी इतकंसं मागं सरकली. माझी बहीण, मला भिऊन.

"रागवू नगा साहेब," ती म्हणाली. "चहा घ्या. निवतोय."